डिस्क आधी, मशीन नंतर: जुना प्लेस्टेशन आणि ब्लू-रे घेणाऱ्यांसाठी

इंदुरात, राजेंद्रनगरात आमची सीडी-डीव्हीडीची लायब्ररी होती आणि मागच्या खोलीत मुलांसाठी तासावर गेम. दुकान बंद होऊन जमाना झाला, पण विचारणारे थांबले नाहीत. कुणाचा मुलगा न्यू जर्सीहून येताना ब्लू-रेचा, म्हणजे डीव्हीडीहून स्पष्ट चित्राच्या डिस्कचा, गठ्ठा आणतो, कुणाला दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर मायक्रोसॉफ्टचा गेम खेळायचा एक्सबॉक्स सापडतो, कुणी जेल रोडवरून 'एकदम चकाचक' म्हणून पीएस३, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ३, उचलतं आणि संध्याकाळी मला फोन: "काकू, डिस्क आत जातेय, नुसती गरगरतेय, टीव्हीवर काहीच नाही." तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहून टाकते.

बहुतेकांचं एकाच जागी चुकतं. आधी मशीन घेतात आणि मग त्यात काय चालेल ते शोधत बसतात. उलटं करा. घरात कुठल्या डिस्क आहेत, पुढे कुठल्या घ्यायच्या आहेत, त्या समोर मांडा आणि त्यावरून मशीन ठरवा. मशीन कितीही छान असो, डिस्क तिच्या जातीची नसेल तर तो नुसता काळा डबा.

डब्याचा रंग आणि त्यातल्या खोड्या

काउंटरवर बसून मला डबा लांबूनच ओळखू यायचा. निळा, पातळसा डबा म्हणजे ब्लू-रे सिनेमा. बिनरंगी पारदर्शक डबा म्हणजे पीएस३चा गेम. हिरवा म्हणजे एक्सबॉक्स. काळा, थोडा जाड म्हणजे बहुधा साधी डीव्हीडी. लाल दिसला तर एचडी डीव्हीडी, ब्लू-रेची एकेकाळची स्पर्धक. तिचं शेवटी सांगते.

आता खोड्या. पीएस४ आणि पीएस५चे गेमही निळ्याच डब्यात येतात, म्हणून रंगावर न जाता वरची पट्टी वाचा. काळा डबा ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रेचाही असतो, आणि ती डिस्क साध्या ब्लू-रे प्लेअरला वाचता येत नाही. पीएस३लाही नाही, पीएस४लाही नाही, पीएस४ प्रोलासुद्धा नाही. 'प्रो' लिहिलंय म्हणून ४के डिस्क चालेल असं समजून डिस्क आणणारे मी पाहिले आहेत. त्या डिस्कसाठी एक्सबॉक्स वन एस, वन एक्स, सिरीज एक्स किंवा डिस्कची खाच असलेला पीएस५ लागतो. खाच असलेला हे मुद्दाम लिहिलं. 'डिजिटल' नावाचे जे कन्सोल, म्हणजे गेमची मशीनं, येतात त्यांना, आणि एक्सबॉक्स सिरीज एसला, डिस्क घालायला जागाच नसते. सेकंडहँडमध्ये ते थोडे स्वस्त दिसतात, आणि घरी आल्यावर माणूस फट शोधत बसतो.

डबा हरवला असेल तर डिस्क उलटी करून उजेडात धरा. ब्लू-रेच्या पाठीला निळसर झाक असते. डीव्हीडी चंदेरी दिसते, थोडी जांभळट. एचडी डीव्हीडी मागून डीव्हीडीसारखीच दिसते, तिथे वरचं नावच वाचावं लागतं.

ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी, हे दोन प्रकार झाले कसे

जरा मागचं सांगते. एक्सबॉक्स ३६०मध्ये ब्लू-रे का चालत नाही, याचं उत्तर त्यात आहे.

डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, दोन थरांची असेल तर ८.५. हाय डेफिनिशन, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राच्या, सिनेमाला ते पुरेना. तोशिबा आणि एनईसीने एचडी डीव्हीडी काढली, सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स वगैरे मंडळींनी ब्लू-रे. लेझर दोघांचा एकच, ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. डीव्हीडीचा लाल, ६५० नॅनोमीटरचा. फरक होता तो माहिती डिस्कमध्ये किती खोल ठेवायची याचा. एचडी डीव्हीडीने डीव्हीडीसारखीच ०.६ मिलिमीटर खोली ठेवली, म्हणजे डीव्हीडीच्या जुन्या कारखान्यांत थोडे बदल करून ती काढता यावी. एका थरात १५ जीबी. ब्लू-रेने माहिती पृष्ठभागाच्या अगदी जवळ आणली, फक्त ०.१ मिलिमीटर आत, आणि लेन्स जास्त ताकदीची घेतली. एका थरात २५ जीबी. हा ०.१ आकडा लक्षात ठेवा, डिस्क पुसायची वेळ आली की लागेल.

२००६च्या वसंतात तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर अमेरिकेत ४९९ डॉलरला आला. जूनमध्ये सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर आला तो ९९९ डॉलरचा. हिशेबाने तोशिबाच जिंकायला हवी होती. पण नोव्हेंबरात पीएस३ आला आणि त्याच्या पोटातच ब्लू-रे ड्राइव्ह होता. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० एक वर्ष आधी, २००५च्या नोव्हेंबरात बाजारात आलेला, आत साधा डीव्हीडी ड्राइव्ह. त्यांनी एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह वेगळा विकला, १९९ डॉलरला, बाहेरून जोडायचा. तो फक्त सिनेमासाठी; गेम शेवटपर्यंत डीव्हीडीवरच राहिले. वेगळी वस्तू किती जण घेणार? इकडे पीएस३ गेमसाठी घेणाऱ्याच्या घरात ब्लू-रे प्लेअर आपोआप येऊन बसला. ४ जानेवारी २००८ला वॉर्नर या सिनेमा कंपनीने यापुढे फक्त ब्लू-रे काढणार असं जाहीर केलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडीचा धंदाच गुंडाळला. एक्सबॉक्सचा तो ड्राइव्हही त्याच आठवड्यात बंद झाला.

आपल्याकडे या लढाईचा आवाज कुठला यायला! पीएस३ भारतात आला २००७च्या एप्रिलमध्ये, ३९,९९० रुपयांना. त्याच सुमारास मोझर बेअरची नवी कोरी डीव्हीडी ३४ रुपयांत मिळत होती. आमच्या गिऱ्हाइकाला ३४ रुपयांत सिनेमा घरी नेता येत होता, तो हाय डेफिनिशन कशाला मागेल? आम्ही पीएस३ घेतला तो तासावर गेम चालवायला. त्यात ब्लू-रे सिनेमा चालतो हे मागच्या खोलीतल्या पोरांच्या गावीही नव्हतं.

रीजन: न्यू जर्सीची डिस्क, दुबईचं मशीन

सगळ्यात जास्त फोन याच गोष्टीचे येतात.

ब्लू-रे सिनेमाला जगाचे तीन भाग, म्हणजे रीजन, केलेले आहेत; कुलूप असलेली डिस्क आपल्याच रीजनच्या मशीनवर चालते. 'ए'मध्ये दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया, तैवान, हाँगकाँग, सिंगापूर, थायलंड वगैरे. 'बी'मध्ये युरोप, आफ्रिका, आखाती देश, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. 'सी'मध्ये आपण, आपले शेजारी, चीन आणि रशिया. डब्याच्या मागे खाली बारीकशी षटकोनी खूण असते, तिच्यात अक्षर लिहिलेलं असतं. ए-बी-सी तिन्ही असतील तर निश्चिंत राहा.

आता बघा, इंदुरात सेकंडहँड मिळणारा कन्सोल सरळ भारतातलाच असेल असं नाही. बरेच कुणीतरी दुबईहून आणलेले असतात, काही सिंगापूरचे, काही अमेरिकेतल्या भावाने पाठवलेले. दुबईचा पीएस३ 'बी', सिंगापूरचा आणि अमेरिकेचा 'ए', दुकानातून रीतसर घेतलेला भारतातला 'सी'. मेनूत कुठेही जाऊन हे बदलता येत नाही. जुन्या डीव्हीडी प्लेअरला रिमोटची बटणं ठरावीक क्रमाने दाबली की रीजन निघून जायचा, ती सोय इथे नाही. म्हणून मुलगा अमेरिकेतून डिस्क आणत असेल तर तुम्हाला अमेरिकेचा किंवा सिंगापूरचा पीएस३ जास्त उपयोगाचा, आणि भारताचं बिल असलेला महाग पीस कमी उपयोगाचा. हे ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात, पण खरं आहे.

घाबरून जाण्याइतकंही नाही. वॉर्नरच्या बहुतेक ब्लू-रेंना रीजनचं कुलूप नसतं. उलट क्रायटेरियन या नावाजलेले सिनेमे काढणाऱ्या कंपनीच्या अमेरिकन डिस्क पक्क्या 'ए'. ४के डिस्कला रीजन नसतोच. मुलाला सांगा, घेण्याआधी सिनेमाचं नाव आणि 'ब्लू-रे रीजन' एवढं शोधून बघ. डिस्क जमवणारी माणसं एकेका आवृत्तीची नोंद ठेवतात.

साध्या डीव्हीडीचे रीजन निराळे, तिथे आकडे असतात: अमेरिका १, युरोप, जपान आणि आखात २, सिंगापूरकडचे ३, आपण ५. म्हणजे अमेरिकेचा पीएस३ घेतलात तर तुमच्या ५ नंबरच्या डीव्हीडी त्यात अडू शकतात. त्यासाठी घरातला जुना डीव्हीडी प्लेअर भंगारात देऊ नका.

गेमचं सोपं आहे. पीएस३चे जवळजवळ सगळे गेम कुठल्याही देशाच्या पीएस३वर चालतात. एक्सबॉक्स ३६०चं तसं नाही, तिथे कंपनीच्या मर्जीवर. भारताच्या एक्सबॉक्ससाठी डब्यावर 'पाल' लिहिलेलं बघा.

आणि व्होल्टेज. अमेरिकेच्या एक्सबॉक्स ३६०ची बाहेरची ती विटेएवढी पॉवर सप्लाय ११० व्होल्टवाली असते. आपल्या सॉकेटमध्ये लावलीत तर गेली. कुठलंही परदेशी मशीन असो, मागची चिठ्ठी वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

कुठला पीएस३

तीन रूपं आहेत. पहिला जाडा, चकचकीत, वरती पूर्ण 'प्लेस्टेशन ३' असं लिहिलेला. त्यातल्या पुढे चार यूएसबी आणि कार्डाच्या खाचा असलेल्या ६० जीबीवाल्यात पीएस२च्याही बऱ्याच डिस्क चालतात, म्हणून हौशी लोक त्याच्या मागे असतात. मी म्हणेन, नाद करू नका. ते सगळ्यात जास्त तापणारं आणि सगळ्यात म्हातारं पिल्लू. दुसरा २००९चा स्लिम, खरखरीत काळा, नुसतं 'पीएस३' लिहिलेला. तिसरा २०१२चा सुपर स्लिम, वरचं झाकण हाताने सरकवून डिस्क ठेवायची.

सिनेमासाठी मी स्लिम सांगते. डिस्क आपली आपण आत ओढून घेतो, आवाज कमी, पार्टही मिळतात. सुपर स्लिम वाईट नाही, झाकणाची सरकपट्टी तेवढी नीट सरकते का बघा. त्याचा १२ जीबीवाला पीस मिळाला तर सिनेमाला चालेल, पण मोठे गेम त्यात मावणार नाहीत.

नुसता ब्लू-रे प्लेअर का नाही, असं विचारतात. मिळाला चांगला तर जरूर घ्या. पण त्या काळातले प्लेअर जसे आले तसेच राहिले. पीएस३ इंटरनेटवरून सुधारत गेला. २००८मध्ये त्याला ब्लू-रेची नवी आवृत्ती आली, २०१०मध्ये थ्रीडी ब्लू-रेही चालायला लागली, त्याच जुन्या मशीनवर.

एक्सबॉक्स ३६०मध्ये ब्लू-रे चालत नाही. कोणी काहीही सांगो, चिप लावलेली असो की नसो, आत डीव्हीडीचा ड्राइव्ह आहे. गेमसाठी घ्यायचा असेल तर मागच्या चिठ्ठीवर १२ व्होल्टच्या शेजारी अँपिअरचा आकडा वाचा. १६.५ असेल तर सुरुवातीचा, तापून तीन लाल दिवे दाखवणारा माल. १४.२ त्याहून बरा. १२.१ असेल तर जाड्या मॉडेलमधला शेवटचा, तो घ्या, किंवा २०१०नंतरचा बारीक घ्या. त्या लाल दिव्यांपायी मायक्रोसॉफ्टने २००७मध्ये वॉरंटी तीन वर्षांची करून दिली होती आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली होती, यावरून काय ते समजा. मजा अशी की २०१३चा त्यांचाच एक्सबॉक्स वन आला तो ब्लू-रे ड्राइव्ह घेऊन. त्यात सिनेमा बघायला स्टोअरमधून ब्लू-रेचं ॲप आधी उतरवून घ्यावं लागतं, नाहीतर डिस्क घालून नुसतं बसावं लागेल.

दुकानात

पिशवीत स्वतःच्या डिस्क घेऊन जा: एक साधी डीव्हीडी, एक पीएस३चा ओरिजिनल गेम, आणि एक लांबलचक ब्लू-रे सिनेमा, ५० जीबीची दोन थरांची असेल तर उत्तम.

गेल्यावर पहिली गोष्ट, मशीन चालू करण्याआधी त्याच्यावर तळहात ठेवा. गार पाहिजे. जाड्या पीएस३ला पिवळा दिवा मारण्याचा आजार असतो: चालू केलं की हिरवा, मग क्षणभर पिवळा, मग लाल लुकलुकतो आणि मशीन बंद. असा आजारी बोर्ड गरम असला की चालतो, गार झाला की रुसतो. म्हणून काही दुकानदार गिऱ्हाईक यायच्या आधी त्याला तापवून ठेवतात. कोमट लागलं तर सरळ सांगा, "भिया, बंद कर दो, हम पोहे खाके आते हैं।" आणि खरंच जा. गार झाल्यावर परत चालू करायला लावा. कुणी हीटगनने 'रिबॉलिंग', म्हणजे बोर्डाचे टाके नव्याने बसवण्याचं काम, केलंय म्हणून फुशारकी मारली तर मशीन तिथेच ठेवून या, ते दुरुस्त झालेलं नाही, थोडे दिवस पुढे ढकललेलं आहे.

मग दुकानदार तुम्हाला एक गेम लावून दाखवेल. एका दुकानात मी बघत होते, पोराने कंट्रोलर हातात दिला, गाड्या पळायला लागल्या. "देखो दीदी, मक्खन चल रिया है।" मी म्हटलं, यातली डिस्क बाहेर काढून दाखव. डिस्क नव्हतीच आत. गेम हार्ड डिस्कवरून चालू होता, ड्राइव्ह केव्हाचा मेलेला. मी माझी डीव्हीडी दिली, तीही चालली, पोरगा खुश. ब्लू-रे घातली आणि मशीनने तीन वेळा टक-टक-टक केलं आणि मेनूत डिस्कचं चित्रच आलं नाही.

तर हे समजून घ्या. पीएस३च्या ड्राइव्हमध्ये डीव्हीडीचा लाल लेझर वेगळा आणि ब्लू-रेचा निळा वेगळा. एक जिवंत असून दुसरा गेलेला असू शकतो. डीव्हीडी चालली याचा अर्थ ब्लू-रे चालेल असा अजिबात होत नाही. पीएस३चे गेम ब्लू-रेवरच असतात, त्यामुळे ओरिजिनल गेमची डिस्क चालली तर निळा लेझर ठीक. मग सिनेमा लावा आणि शेवटच्या चॅप्टरवर उडी मारा, मग पहिल्यावर, परत मधल्या. थकलेला लेझर सुरुवात गोड करतो आणि दुसऱ्या थरावर गेला की अडखळतो. दहा-पंधरा मिनिटं तरी चालू द्या. घाई करणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नका.

टीव्हीला जोडायची एचडीएमआयची पिन वायर लावून हलकेच हलवा, चित्र तुटता कामा नये. मागच्या स्क्रूंच्या खाचा आणि सील बघा; उघडलेलं मशीन वाईटच असतं असं नाही, पण कशासाठी उघडलं ते विचारा.

ड्राइव्ह बदलून देतो असं म्हणाला तर एक अट घाला. पीएस३च्या ड्राइव्हचा छोटा बोर्ड आणि मुख्य बोर्ड एकमेकांशी बांधलेले असतात, एक्सबॉक्स ३६०चंही तसंच. दुसऱ्या मशीनचा आख्खा ड्राइव्ह उचलून बसवला तर गेम ओळखत नाही. म्हणून नुसता लेझर बदलायचा आणि जुना बोर्ड तोच ठेवायचा. कारागिराला हे माहीत नसेल तर दुसरा कारागीर शोधा.

एक्सबॉक्स ३६०च्या जुन्या डिस्क घेताना उजेडात पाठ तिरकी धरा. कंपास फिरवल्यासारखा एकच पूर्ण गोल ओरखडा दिसला तर डिस्क फिरत असताना कुणीतरी मशीन हलवलंय. तो ओरखडा खोल असतो, ती डिस्क घेऊ नका.

घरी आल्यावर

मशीन टीव्हीच्या कपाटात कोंबू नका. मागे वीतभर जागा सोडा. आणि इंदूरकरांनो, कूलरच्या वाऱ्यात तर मुळीच नको. मे महिन्यात सगळ्यांच्या घरी कूलर चालू असतो, माणसाला वाटतं मशीनलाही थंडावा मिळेल. त्या वाऱ्यात ओल असते आणि खसच्या जाळीची बारीक धूळ, ती पंख्याने आत ओढली जाते आणि लेन्सवर बसते. आमच्या मागच्या खोलीत कूलर पोरांच्या पाठीकडे आणि मशीनं समोरच्या भिंतीला, अशीच रचना होती.

जोडलं आणि पडदा काळा असेल तर मशीन बिघडलेलं नाही. आधीच्या मालकाने दुसऱ्या वायरीचं सेटिंग ठेवलेलं असतं. पीएस३ बंद करा, मागे किंवा बोर्डावर पॉवर चालू राहू द्या, आणि पुढचं पॉवरचं बटण दाबूनच ठेवा. एक 'बीप' लगेच होतो, दुसरा साधारण पाच सेकंदांनी. दुसरा ऐकला की सोडा. चित्र परत येतं. हे एवढं फोनवर सांगून मी कितीतरी पीएस३ भंगारातून वाचवले असतील.

नवी डिस्क चालत नसेल आणि जुन्या चालत असतील तर अपडेट करा. ब्लू-रेच्या कुलुपाच्या चाव्या बदलत राहतात, त्या अपडेटमधून येतात, आणि सोनीने या म्हाताऱ्या मशीनला अलीकडच्या वर्षांतही चाव्या पाठवल्या आहेत. घरात वायफाय असेल तर सेटिंग्जमधून होतं. नसेल तर सोनीच्या साइटवरून फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा, त्यात इंग्रजी मोठ्या अक्षरांत पी-एस-३ नावाचं फोल्डर, त्याच्या आत यू-पी-डी-ए-टी-ई नावाचं, आणि त्यात फाइल. फाइलच्या नावाला हात लावू नका. मशीन 'जेलब्रेक' केलेलं, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडलेलं, असेल तर या अपडेटने ते निघून जाईल, दुकानदाराने भरून दिलेले गेम चालणार नाहीत, हे आधीच ठरवा.

सिनेमा वीसेक मिनिटं नीट चालून अचानक आवाज बंद झाला आणि पडद्यावर सिनाव्हिया, कोड ३ असं काही आलं, तर टीव्हीवाल्याला बोलावू नका. तुमच्याकडची डिस्क कॉपी आहे. मूळ सिनेमाच्या आवाजातच खूण पेरलेली असते, पीएस३ ती ओळखतो आणि तोंड बंद करतो.

पुसणं

आता तो ०.१ मिलिमीटर. डीव्हीडीवर ओरखडा आला की आम्ही पॉलिशच्या मशीनवर घासायचो, एकदोनदा सहज निभायचं, कारण माहिती ०.६ मिलिमीटर खाली. ब्लू-रेवर तो प्रयोग करू नका. टूथपेस्ट नको, गाडीचं पॉलिश नको, पॉलिशचं मशीन तर नकोच. तिच्यावर मुळातच कडक थर असतो, साधा ओरखडा सहसा पडत नाही. आणि पडला तर घासून तुम्ही तो थरच काढून टाकाल. चष्म्याच्या मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. तेलकट बोट उमटलं असेल, शेव खाताना उमटतंच, तर फडकं किंचित ओलं करा.

आणि तो लाल डबा

एचडी डीव्हीडी आता कुठलंच नवं मशीन वाचत नाही. लागतो तोशिबाचा जुना प्लेअर किंवा एक्सबॉक्स ३६०चा तो बाहेरचा ड्राइव्ह. ड्राइव्ह मिळालाच तर त्याचा स्वतःचा पॉवर ॲडॅप्टर सोबत आहे का बघा, एक्सबॉक्सच्या यूएसबीवर तो एकटा चालत नाही. तो कॉम्प्युटरलाही यूएसबीने जोडता येतो. या डिस्कना रीजन नव्हता, एवढी एक गोष्ट त्यांनी शहाणपणाची केली होती. पण दोन थरांच्या बऱ्याच डिस्क आतून खराब होत गेल्या आहेत, ओरखडा नसला तरी मध्येच अडकतात, म्हणून पैसे देऊन घेऊ नका, कुणी फुकट दिली तर ठेवा.

फेकण्याआधी डिस्कच्या दोन्ही बाजू बघा. काही लाल डब्यांत 'कॉम्बो' डिस्क असायची, एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि पालथी केली की साधी डीव्हीडी. ती बाजू घरातल्या जुन्या डीव्हीडी प्लेअरमध्ये चालून जाईल. तिथे मात्र रीजनचा आकडा आला.